काडीवरच्या दोन खुणा

कोइराई, डोंगरावर
उपवासकाळातला दुसरा रविवार, १९९३

बोनिफस,

तुझी गाडी चालू आहे.

पहिलं वाक्य मुद्दाम हेच लिहिलं. पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल. बोटीत पाय ठेवताना सगळ्या गावादेखत काय म्हणाला होतास? "ताई, तो सांगाडा आता कोंबड्यांना बसायला ठेव." तर बाबा, कोंबड्यांना दुसरी जागा शोधावी लागली आहे. काल मी मोटरसायकलच्या त्याच सांगाड्यावर बसून नदीपर्यंत गेले आणि येताना मागे अळकुड्यांचं पोतं घेऊन आले. चढावर दुसऱ्या गियरमध्ये! लहान मुलं पळत होती, म्हाताऱ्या तोंडावर हात ठेवून हसत होत्या, आणि मी मान ताठ करून बसले होते. आपल्या आईने पाहायला हवं होतं.

आता विचार, ऑइल कुठून आणलंस? बेटाला सरकारचा वेढा पडल्यापासून इथे मीठ येत नाही, साबण येत नाही, डोकेदुखीची गोळी येत नाही, तर तुझ्या डब्यातलं ऑइल कुठलं येणार? पेट्रोल पाण्यापलीकडून येतं तसं येतं, त्याचं विचारू नकोस. तुझ्या इंजिनात तळाला उरलं होतं ते तेल नव्हतंच, डांबर होतं. खालचा नट सोडला, ते काढून टाकलं आणि आत खोबरेल ओतलं. हो, खोबरेल. हस. हसून झालं की पुढे वाच.

अळकुड्या देऊन खालच्या गावांतून नारळ आणले. किसले, दूध पिळलं, मंद आचेवर ठेवलं. पाण्याचं तडतडणं पूर्ण थांबेपर्यंत हलले नाही, कारण एक थेंब पाणी राहिलं तर लोखंड गंजतं, एवढं तुझ्या बहिणीला कळतं. दोनदा फडक्यातून गाळलं. अगाथा मावशी, म्हणजे तुझी सासू, चुलीपाशी उभी राहून कावत होती. "अगं, माणसांच्या तोंडाला तेल नाही आणि ही लोखंडाला पाजते!" मी म्हटलं, "मावशी, तुमच्या जावयाची आठवण म्हणून पाजते." त्यावर ती जे बोलली ते उपवासकाळात लिहिता येत नाही.

रेजिनाने मला शपथ घातली आहे की तिच्याबद्दल तुला एक अक्षर लिहायचं नाही. म्हणून लिहीत नाही. ती आहे. जेवते. पूर्वीपेक्षा जास्तच जेवते. बस.

मी तुला सगळ्यांसमोर 'जा' म्हणाले याचा तुला राग आहे, हे मला ठाऊक आहे. असू दे. आज विचारलंस तरी तेच म्हणेन. बायको आपली जमीन सोडून तुझ्याबरोबर येत नाही म्हणून रुसून निघालास! अरे, जमीन तिची, तिच्या आईची, तिच्या आजीची. तुझ्यामागे समुद्रापलीकडे लाए शहरात, गॅरेजच्या मागच्या खोलीत येऊन तिने काय पेरायचं होतं? पाने आणि नटबोल्ट?

एक सहज विचारते. तेल मोजायच्या काडीवर दोन खुणा आहेत, एक वर, एक खाली. तेल कुठपर्यंत असावं? मला माहीत आहेच. तुला अजून आठवतं का, ते पाहायचं आहे.

तुझी बहीण,
स्कोलास्टिका

कोइराई
जुलै, १९९३

बोनिफस,

तुझं पत्र पोचलं. आता त्याला पत्रच म्हणायचं. नमस्कार नाही, खुशाली नाही, कोणी जगलं का मेलं याची चौकशी नाही. मी ते उपदेशक लिनसना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "हे पत्र आहे की औषधाच्या बाटलीवरचा कागद?" तुझंच लिहिलेलं तुला परत लिहून पाठवते, म्हणजे लाज वाटेल.

"ताई, गाडी सपाट जागेवर, मधल्या स्टँडवर. इंजिन थोडं चालवून बंद कर. तेल खाली उतरेपर्यंत थांब. काडी पुसून नुसती टेकव, आटे फिरवू नकोस. दोन खुणांच्या मध्ये हवं. कमी झालं तर इंजिन मरतं, जास्त झालं तरी मरतं. नारळ खायला असतो. बोनी."

ते नारळाचं वाक्य लिहिल्याशिवाय तुला घास गेला नसता ना?

तुझं उत्तर येईपर्यंत इथे एक छोटीशी गंमत झाली होती. आता तू म्हणशील, ताईने गोंधळ घातला. गोंधळ नाही, थोडं तेल उडालं. झालं काय, की ईस्टरनंतर एका सकाळी लिनसना खालच्या वाडीत प्रार्थनेला सोडायचं होतं. डोंगरावरची सकाळ तुला माहीत आहे, तोंडातून वाफ निघते. मी काडी काढली तर कोरडी. टोकाला फक्त पांढरं काहीतरी चिकटलेलं. म्हटलं, तेल संपलं! चुलीवर कोमट केलेली अख्खी बाटली आत रिकामी केली, वरच्या खुणेपर्यंत, वर प्रेमाने आणखी थोडं.

नदीच्या चढावर इंजिन तापलं, आणि मग बाबा, काय सांगू! नळीतून फेस, मागून धूर, चेनच्या बाजूने पिचकारी. लिनस मागे बसले होते, धुतलेला पांढरा सदरा घालून. त्यांचं तोंड बघवत नव्हतं. वाडीत शिरलो तेव्हा आमच्या मागे कुत्री लागली होती, इतका तळणाचा घमघमाट सुटला होता. लिनस उतरले, अंगावरचं तेल निरपलं आणि म्हणाले, "स्कोलास्टिका, बाप्तिस्मा माझा एकदा झालेला आहे."

अजून हसतात सगळे. हसू देत. चढ चढून गेले होते ना?

का झालं, ते मावशीने ओळखलं. मी काडी घेऊन डोकं धरून बसले होते. ती आली, माझ्या हातातली काडी घेतली, वास घेतला आणि म्हणाली, "थंडीत डोक्याला लावायचं तेल बाटलीतून निघतं का? थिजतं. मग ह्याच्या पोटातलं नाही थिजणार? ते काही संपलं नव्हतं, वर भिंतींना चिकटून बसलं होतं. तापल्यावर उतरलं खाली, त्यात तुझी बाटली. आधी ह्याला शेक दे, बाळंतिणीला देतात तसा. मग काय ते मोज." 

आता माझी रीत अशी. अळकुड्या भाजायच्या भट्टीतले तापलेले दगड केळीच्या पानांत गुंडाळून इंजिनाखाली ठेवायचे. निखारे नाहीत, वर पेट्रोल आहे, तेवढी अक्कल आहे मला. तेल सैल झालं की किक. थोडं चालवायचं, बंद करायचं, थांबायचं. मग काडी पुसून नुसती टेकवायची. जास्त असेल तर खालचा नट किंचित सैल करून करवंटीत काढायचं, कमी असेल तर चमच्याचमच्याने घालायचं. तुझ्या त्या पत्रातलं सगळं बरोबर आहे, पण दगडांचं तुला माहीत नव्हतं. तू काम शिकलास त्या खाणीच्या वर्कशॉपात खोबरेल थिजत नव्हतं ना!

चेनजवळचं तेल अडवणारं एक सील गेलं आहे. जास्तीच्या तेलाने ढकललं म्हणे. होडीच्या फटी बुजवायला जे फळ किसून लावतात, त्याचा लगदा भरला आहे. टिकला आहे. छान टिकला आहे.

बोनी, आता शपथ मोडते. लिनस म्हणाले, शपथेचं देव बघून घेईल. रेजिनाच्या रागाचं माझं मी बघेन.

रेजिनाला दिवस गेलेत. तुझी बोट गेल्यावर तिला कळलं. ती म्हणाली, "पोटाच्या नावाने नवऱ्याला परत बोलावणारी मी नाही. यायचं तर माझ्यासाठी आला असता." आता तिचं पोट गावभर दिसतं आणि एक तूच आहेस ज्याला माहीत नाही. तुझं मूल आहे, गाढवा. कोणीतरी सांगायलाच हवं होतं.

मावशी म्हणते मूल आडवं आहे. अजून वेळ आहे, फिरतं बऱ्याचदा. नाही फिरलं तर मात्र कोइराईत कोणाच्या हातात काही नाही. किनाऱ्यावर मिशनच्या दवाखान्यात एक म्हातारी सिस्टर आहे, ती आडवं मूल सरळ करते म्हणतात. डोलीत घालून न्यायचं तर दोन डोंगर आणि एक रात्र. रेजिनाला तेवढा वेळ मिळेल असं मावशीला वाटत नाही. मावशीला वाटत नाही म्हणजे नाही मिळणार.

म्हणून गाडी, बोनी. मिरवायला नाही. बरं, थोडी मिरवायलाही.

स्कोलास्टिका

कोइराई
मरियेच्या स्वर्गारोहणाचा सण, ऑगस्ट

बोनिफस,

बोट आली. मीठ आलं, थोडं पेट्रोल आलं, लिनसच्या चष्म्याची काडी आली. तुझं पत्र आलं नाही.

माझं पत्र पोचलं नसेल असं मी धरते. समुद्र आहे, पहारे आहेत, माणसं घाबरून पिशव्या पाण्यात टाकतात. असंच झालं असेल. दुसरं काही झालं असेल तर मला ते कळायला नको.

मी लिहिलं हे रेजिनाला कळलं. मीच सांगितलं, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी तामातामासाठी अळकुड्या आणि खोबरं कुटताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, "उत्तर आलं?" मी म्हटलं, "बोटच आलेली नाही." ती म्हणाली, "मग हे मीठ कुठलं?"

मूल फिरलेलं नाही.

पेट्रोलचा डबा भरलेला आहे. त्याला कोणी हात लावला तर हात तोडीन असं मी चर्चबाहेर जाहीर केलं आहे. मावशीने भट्टी विझू द्यायची नाही असं ठरवलं आहे, दगड कायम तापलेले हवेत. गाव म्हणतं, ह्या बायांना वेड लागलं. लागू दे. गाडी चकाचक आहे. आज मी ती पुसली, आरशासारखी. तू पाहिली असतीस तर तुला ओळखू आली नसती.

स्कोलास्टिका

किनाऱ्यावरून, मिशनच्या दवाखान्याच्या ओसरीवर
सप्टेंबर, १९९३

बोनी,

आधी हे वाच. रेजिना जिवंत आहे. मुलगी झाली. मुलगीही जिवंत आहे, आणि असा आवाज काढते की सिस्टरच्या कोंबड्या पळतात.

आता बस आणि सगळं ऐक, कारण हे मी एकदाच लिहिणार आहे.

आम्ही निघालो त्याच्या आदल्या दुपारीच कळा सुरू झाल्या. मावशीने रात्रभर वाट पाहिली. पहाटे ती बाहेर आली, हात धुतले आणि म्हणाली, "हे माझ्या हाताबाहेरचं आहे." बोनी, आपल्या गावातली निम्मी माणसं त्या हातांत जन्मली. तिने आजवर हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. 

लिनस धावत आले. हातात ती छोटी बाटली होती, मरणाऱ्याच्या कपाळाला लावायच्या तेलाची. मी म्हटलं, "ते तुमच्याकडेच ठेवा. आज दुसरं तेल लागणार आहे." ते दगड उचलायला लागले. उपदेशक, स्वतःच्या हाताने!

सकाळ थंड होती, आत सगळं थिजलेलं. रेजिना आत ओरडत होती आणि मी इंजिनापाशी गुडघे टेकून बसले होते. तेव्हा वाटत होतं, मरू दे, मारते किक आणि निघते. नाही मारली. शेक दिला. इंजिन चालवलं, बंद केलं, थांबले. काडी दोन खुणांच्या बरोब्बर मध्ये. माझ्या आयुष्यात इतकं नेमकं मी काही केलेलं नाही.

मग आम्ही ट्रिपल सीट निघालो. मी पुढे, मध्ये रेजिना, मागे मावशी. मावशीने स्वतःचं कापड सोडून तिघींना एकत्र बांधलं. ती मावशी, जी म्हणायची की त्या गाढवावर माझं प्रेतसुद्धा चढणार नाही! रेजिनाचं कपाळ माझ्या पाठीवर होतं. कळ आली की ती माझ्या खांद्याला चावायची. वळ अजून आहेत, तू आलास की दाखवते. मागे गावाने ओंडक्याचा नगारा वाजवायला घेतला, खाली वर्दी द्यायला.

पहिला उतार इंजिन बंद करून उतरलो. नदी पार केली, चढ घेतला, आणि माझ्या डाव्या पायाला गरम लागलं. खाली बघितलं तर घोट्यावरून तेल ओघळतंय. तो लगदा. तोच, जो छान टिकला होता. होडीला इंजिनाचा ताप कुठे सोसायचा असतो? हे सील माझ्या त्या ईस्टरच्या बाटलीने गेलं होतं, हे मला पूर्ण ठाऊक आहे आणि ते तू मला सांगू नयेस.

वाडीत शिरलो. गाडी सपाट जागेवर लावली, काडी काढली. खालच्या खुणेच्याही खाली, नुसतं टोक ओलं. मी ओरडले, "तेल! ज्याच्या घरात असेल ते खोबरेल आणा!" कोणी का म्हणून विचारलं नाही. बायका घराघरांतून निघाल्या. बाटलीत, बांबूच्या नळीत, करवंटीत, एकीने तर लेकराच्या अंगाला लावायचं होतं तेच आणलं, अजून हातालाही तसंच होतं.

सगळ्यांना ओतायची घाई. एक आजी बाटली उपडी करायला निघाली. "ओत गं सगळं, बाई अडलीय!" मी तिचा हात धरला. "आजी, जास्त झालं तर मरेल ते." "तेलाने कोणी मरतं का?" मावशी मागून ओरडते, "चल ना, कशाला थांबलीस?" आणि मी म्हणते, "उतरू दे, मावशी. तेल खाली उतरू दे." ते थांबणं, बोनी! मागे रेजिना कण्हतेय आणि मी एका काडीकडे बघत उभी. तुझ्यावर चिडावंसं वाटत होतं, आणि तुझंच वाक्य मनात म्हणत होते. थोडं घातलं, मोजलं, थोडं घातलं. मध्ये आलं. निघाले.

आमच्या मागे त्या वाडीनेही नगारा घेतला. त्यांनी काय वाजवलं देव जाणे. बाळंतीण येतेय हे वाजवता येतं. तेल आणा हे कसं वाजवतात? पण पुढच्या वळणावर बायका रस्त्यावर उभ्या होत्या, हातात बाटल्या घेऊन. त्याच्या पुढच्या वाडीतही. कोणी आम्हाला पाणी पाजलं, कोणी रेजिनाच्या तोंडावरून हात फिरवला, कोणी माझ्या तोंडात न विचारता सुपारी कोंबली. कोणाच्या घरचं तेल किती होतं हे मी बघितलं नाही, पण त्या दिवशी त्या वाटेवर कोणाच्या चुलीवर फोडणी पडली नसेल.

मग ती वाडी आली, जिच्याशी लढाई सुरू झाल्यापासून आपलं जाणं-येणं बंद आहे. रस्त्यावर बांबू आडवा. पहाऱ्यावर बंदूकवाला दाढीवाला. म्हणतो, "वरच्या माणसांना वाट नाही." मी काही बोलायच्या आत मागून मावशी गरजली. "कोण रे तू? ओफेलियाचा ना? तू उलटा आलास, पायाळू! ह्या हातांनी ओढलाय तुला, पायाला धरून. आणि मोठा झालास तरी उलटाच राहिलास! बांबू उचल!" तो बांबू उचलेपर्यंत त्याची आईच बाहेर आली. तिच्या हातात केसांना लावायचं तेल होतं, चाफ्याची फुलं घालून मुरवलेलं, सणासाठी ठेवलेलं. तिने ते आतल्या फुलांसकट आणलं होतं. फुलं गाळून घातलं. तिने मला काही विचारलं नाही, मी तिला काही सांगितलं नाही. जाताना मावशीच्या गुडघ्याला हात लावून म्हणाली, "पोरीला जपा." चार वर्षांनी आमच्याशी बोललेलं तिचं पहिलं वाक्य. पुढचा सबंध चढभर तुझ्या इंजिनाला चाफ्याचा वास येत होता.

आता ते शेवटचं. शेवटच्या डोंगराला वस्ती नाही, तुला माहीत आहे. चढाच्या मध्यावर आवाज बदलला. आधी कोरडा, मग ठकठक. मी थांबवली. काडी काढली, पुसली, टेकवली, काढली. स्वच्छ. टोकालाही ओल नाही. पुढे-मागे एक घर नाही. एका बाजूला तुझी गाडी होती, जी मी सहा महिने तळहातावर जपली, जिच्यासाठी मी तुझं नाक कापायला निघाले होते. थंड होईपर्यंत थांबले असते, मावशीला मागे पाठवलं असतं, तेल आलं असतं, तर ती वाचली असती. दुसऱ्या बाजूला रेजिना, आणि ती आता ओरडतही नव्हती. 

मी किक मारली. बोनी, मी तिला शेवटपर्यंत पिळली. ठकठक, मग घरघर, मग अशी किंचाळली की मला रडू आलं, खरंच सांगते. मी तिला म्हणत होते, चल बाई, चल, एवढा एकच. माथ्यावर पोचलो आणि तिथे इंजिन आवळून जाम झालं. मागचं चाक घसटत गेलं. मी क्लच दाबला, आणि गाडी आपल्या वजनाने उताराला लागली. पुढे आवाज नाही, काही नाही, फक्त चाकं आणि वारा. दोन्ही बाजूंना नारळाची बनं सुरू झाली, खाली समुद्र, आणि आम्ही तिघी एका कापडात बांधलेल्या, थेट दवाखान्याच्या पायरीपर्यंत. पायरीला धडकूनच थांबलो. सिस्टर बाहेर आली, बघितलं आणि म्हणाली, "देवा, ह्यातली बाळंतीण कोणती?"

तिने मूल फिरवलं. कसं ते मी बघितलं नाही, मावशीने बघितलं, आणि मावशी बाहेर आल्यावर त्या सिस्टरचे हात हातात घेऊन बसून राहिली. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नाही. अजूनही रोज तशाच बसतात आणि आपल्या बाळंतिणींच्या गोष्टी सांगतात.

तर तुझं इंजिन मेलं. मी मारलं. जाणूनबुजून, डोळे उघडे ठेवून. त्याबद्दल माझ्याकडून क्षमेचा एक शब्दही मिळणार नाही. उलट जो भेटेल त्याला मी सांगते की हे माझ्या भावाचं इंजिन, असं इंजिन साऱ्या बेटावर नव्हतं. खोबरेलावर डोंगर चढलं, तेलाशिवाय माथा गाठला. आणि त्याला ज्याने असं ठेवलं होतं तो माझा भाऊ. हे मी मोठ्याने सांगते. सगळ्यांदेखत, जसं तुला 'जा' म्हणाले होते तसंच.

रेजिना अशक्त आहे, पण बसते. पत्र लिहितेय हे तिने बघितलं. मी म्हटलं, शपथ आहे अजून? तिने पोरीला छातीशी घेतलं. मग म्हणाली, "लिही, नाक त्याचं आहे. एवढंच."

एवढंच लिहिते. पण पोर बघितलीस तर कळेल, नाक खरंच तुझं आहे, रागावल्यावर फुगतं तेसुद्धा. ती रेजिनाच्या कुळाची, जमीन तिची, आपलं दोघांचं तिच्यावर काही चालायचं नाही. तुझं माझ्याशी भांडण आहे, ठीक. बायकोशी आहे, ते तुम्ही दोघं बघा. सासूशी तर पहिल्या दिवसापासून आहे. पण बोनी, ह्या पोरीशी तुझं अजून काहीच भांडण झालेलं नाही. तिला तू अजून माहीतच नाहीस.

ये रे.

ताई